अणूएवढ्या जाडीचे पदार्थ आणि टोपोलॉजिकल अतिसंवाहकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोपोलॉजिकल अतिसंवाहक म्हणजे नेमके काय?

ज्याच्या आत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बांधलेल्या असतात आणि ज्याच्या कडेवर, टोकांना किंवा चुंबकीय भोवऱ्यांच्या (चुंबकीय क्षेत्र जिथून आत शिरते त्याभोवती फिरणाऱ्या प्रवाहांच्या) गाभ्यात शून्य ऊर्जेच्या अवस्था हटकून सापडतात, असा अतिसंवाहक, म्हणजे विद्युतरोधाविना वीज वाहणारा पदार्थ. कड खडबडीत असो, तिथे थोडी अशुद्धी असो, या अवस्था जात नाहीत. त्यांचे मूळ आतल्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत असते. कडेवर ती मांडणी उघडी पडते इतकेच. या अवस्थांना मायोराना अवस्था म्हणतात. गेली पंचवीसेक वर्षे या विषयात जी धडपड चालली आहे, ती बहुतांशी त्यांच्यासाठीच.

मग साध्या अतिसंवाहकात काय वेगळे असते?

१९११ साली लायडनमध्ये हाइके कामरलिंग ओनेस यांनी पारा ४.२ केल्विनच्या आसपास थंड केला आणि त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. असे का होते हे कळायला १९५७ उजाडले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवले की एरवी एकमेकांना दूर ढकलणारे इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या कंपनांच्या मध्यस्थीने जोड्या जमवतात आणि त्या सगळ्या जोड्या एका लयीत चालू लागतात. जोडी मोडायची तर ठरावीक किमान ऊर्जा मोजावी लागते. त्या ऊर्जेला गॅप म्हणतात, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ती येणार आहे.

बहुतेक धातूंमध्ये जोडीतल्या दोघांचे स्पिन, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या अंगचे इवलेसे चुंबकत्व, परस्परविरुद्ध असतात आणि जोडी सगळ्या दिशांनी सारखीच असते. ही एस-वेव्ह जोडी. टोपोलॉजिकल प्रकारासाठी साधारणपणे पी-वेव्ह जोडी लागते, किंवा तिच्यासारखी वागणारी. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच स्पिनचे असतील तर, एका अवस्थेत दोन सारखे इलेक्ट्रॉन मावत नाहीत या पाउलीच्या नियमामुळे, ते एस-वेव्ह जोडी करूच शकत नाहीत. त्यांना पी-वेव्हसारखी विषम जोडी करावी लागते, जिची फेज (तरंगाची कला) दिशेनुसार फिरत जाते. म्हणून या क्षेत्रातल्या बहुतेक युक्त्यांचा गाभा एकच: इलेक्ट्रॉनांना एकाच स्पिनची, निदान एकाच प्रकारची, जात उरेल अशा कोंडीत पकडायचे आणि मग त्यांना जोड्या करायला लावायचे.

यात टोपोलॉजी कुठून आली?

टोपोलॉजी म्हणजे ओढाताणीने न बदलणाऱ्या गुणधर्मांचे गणित. एका उंचच उंच खांबाभोवती दोराचा बंद फेरा टाकला आहे असे समजा. दोर ओढा, सैल सोडा, वाकडातिकडा करा. खांबाभोवतीचे वेढे तेवढेच राहतात. वेढ्यांची संख्या बदलायची तर दोर खांबातूनच आरपार न्यावा लागेल.

अतिसंवाहकाच्या गणितात दोराच्या जागी एक वक्र असतो. इलेक्ट्रॉनाचा संवेग सगळ्या शक्य किमतींतून एकदा फिरवला की त्या अतिसंवाहकाचे वर्णन करणारा सदिश हा वक्र रेखाटतो. खांबाच्या जागी असतो गॅप शून्य होण्याचा बिंदू. गॅप शाबूत आहे तोवर वेढे बदलू शकत नाहीत. हे चित्र एकमितीय साखळीसाठी अक्षरशः खरे आहे. द्विमितीय थरात वक्राऐवजी पृष्ठभाग येतो आणि वेढे गोलावर मोजले जातात, पण न्याय तोच.

आता कडेचा विचार करा. आत एक वेढा आहे, बाहेरच्या पोकळीत शून्य. मधे कुठेतरी संख्या बदलली पाहिजे, आणि ती बदलायला गॅप मिटला पाहिजे. तो मिटतो तो कडेवर. शून्य ऊर्जेच्या अवस्था तिथे का असतात आणि त्या सहजी का जात नाहीत, याचे सगळे उत्तर यात आले.

मायोराना अवस्था म्हणजे काय? तिला अर्धा इलेक्ट्रॉन का म्हणतात?

एत्तोरे मायोराना या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये असा कण गणिताने मांडला, जो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असतो. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन आणि इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा, म्हणजे होल, यांची सरमिसळ होते. ऊर्जा बरोबर शून्य असेल तर ही सरमिसळ समसमान होते आणि त्या अवस्थेला स्वतःचा प्रतिकण होता येते.

अशा दोन अवस्था मिळून एक साधी इलेक्ट्रॉन-अवस्था होते, म्हणून प्रत्येकीला अर्धी म्हणायचे. अलेक्सी किताएव यांनी २००१ मध्ये मांडलेल्या साखळीच्या प्रारूपात हे दोन अर्ध साखळीच्या दोन टोकांना जाऊन बसतात. त्या दोघांनी मिळून झालेली जागा भरलेली आहे की रिकामी, ही माहिती आता कुठल्याच एका टोकाला नाही. एका टोकाशी कितीही खुडबुड केली तरी ती वाचता येत नाही आणि बिघडवताही येत नाही. साखळी जितकी लांब, तितके हे संरक्षण घातांकी वेगाने वाढते. मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ते हेच: एकच माहिती, दोन लांबच्या जागी वाटलेली, आणि दोन्हीपैकी कुठेही नसलेली.

म्हणजे हा नवा मूलकण सापडला का?

नाही. ही असंख्य इलेक्ट्रॉनांची मिळून झालेली सामूहिक अवस्था आहे. पदार्थाबाहेर तिला अस्तित्व नाही. न्यूट्रिनो हा मायोराना प्रकारचा मूलकण आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचा शोध वेगळ्या प्रयोगांतून चालू आहे.

असा पदार्थ निसर्गात आयता सापडत नाही का?

शोध पुष्कळ झाला. त्यातली स्ट्रॉन्शियम रुथेनेटची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९९४ मध्ये योशितेरू माएनो आणि सहकाऱ्यांना या ऑक्साइडमध्ये सुमारे १.५ केल्विनखाली अतिसंवाहकता सापडली. १९९८ मध्ये चुंबकीय अनुनादाच्या मोजमापात दिसले की अतिसंवाहक झाल्यावरही इलेक्ट्रॉनांचे स्पिन चुंबकीय क्षेत्राला पूर्वीसारखाच प्रतिसाद देतात. विरुद्ध स्पिनच्या जोड्या असत्या तर तो प्रतिसाद घटला असता. त्यामुळे जोड्या समान स्पिनच्या आहेत हा निष्कर्ष जवळजवळ वीस वर्षे पाठ्यपुस्तकी मानला गेला.

२०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने तोच प्रयोग कमी ऊर्जेच्या रेडिओ स्पंदांनी केला आणि प्रतिसाद घटताना दिसला. आधीच्या प्रयोगांत स्पंदांनीच नमुना तापत होता. मोजण्याच्या क्षणी तो अतिसंवाहक राहतच नव्हता. मूळ जपानी गटानेही पुन्हा तपासून हे मान्य केले. दोन दशकांचा निष्कर्ष तापमानाच्या एका दुर्लक्षित तपशिलावर उलटला. या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट सुरुवातीलाच वाचावी असे मला मनापासून वाटते.

युरेनियम डायटेल्युराइड हा २०१९ पासूनचा आणखी एक दमदार उमेदवार आहे. पण तो जाड स्फटिक, आपला विषय पातळ थरांचा.

आयता मिळत नसेल तर बनवायचा कसा?

तीन जिन्नस एकत्र आणून. साधा एस-वेव्ह अतिसंवाहक, स्पिन-कक्षा युग्मन आणि चुंबकत्व.

स्पिन-कक्षा युग्मनामुळे इलेक्ट्रॉनाचा स्पिन त्याच्या धावण्याच्या दिशेशी बांधला जातो. जड अणूंमध्ये हे बंधन अधिक घट्ट असते. चुंबकत्व दोन स्पिन-जातींच्या ऊर्जा वेगळ्या करते, आणि इलेक्ट्रॉनांची संख्या नीट साधली तर एकच जात शिल्लक राहते. आता शेजारच्या अतिसंवाहकातून जोड्या या थरात झिरपू दिल्या की उरलेल्या जातीला पी-वेव्हसारखी जोडी करण्यावाचून गत्यंतर नसते. लिआंग फू आणि चार्ल्स केन यांनी २००८ मध्ये टोपोलॉजिकल रोधकाच्या (आत रोधक, पृष्ठभागावर वाहक) पृष्ठभागावर साधा अतिसंवाहक ठेवण्याची कल्पना मांडली, आणि २०१० मध्ये अर्धवाहकांसाठी अशाच कृती आल्या.

अट मात्र कडक आहे. चुंबकीय विभाजन हे अतिसंवाहक गॅप आणि इलेक्ट्रॉन किती ऊर्जेपर्यंत भरले आहेत ती रासायनिक पातळी या दोहोंच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळापेक्षा मोठे हवे. चुंबकत्व कमी पडले तर अवस्था साधी राहते, आणि जास्त झाले तर ते जोड्याच मोडून टाकते.

यासाठी अणूएवढ्या जाडीचेच पदार्थ का?

कारण ती कडक अट पाळायला लागणारी हुकमत तिथे मिळते. माझ्या मते या विषयाचे मर्म हेच आहे: पातळ थरात आपल्याला योग्य पदार्थ सापडण्याची वाट पाहावी लागत नाही, हवा तो पदार्थ रचता येतो.

जाड स्फटिकात इलेक्ट्रॉनांची संख्या बदलायची तर नवा स्फटिक वाढवावा लागतो. एका अणुथरात शेजारच्या विद्युतद्वाराचा, म्हणजे गेटचा, व्होल्टेज फिरवला की झाले. शिवाय ग्राफीनसारख्या पदार्थांचे थर एकमेकांना दुबळ्या व्हान डर वाल्स बलाने धरून असतात, त्यामुळे दोन वेगळ्या पदार्थांचे थर स्फटिकरचना जुळत नसतानाही एकमेकांवर ठेवता येतात. थर अणूएवढा असेल तर त्यातला प्रत्येक अणू सीमेवरच असतो, म्हणून शेजारच्या थराचे चुंबकत्व किंवा जोड्या त्यात पुरेपूर उतरतात. आणि दोन थरांमधला कोनसुद्धा आपल्या हातात राहतो. कोन बदलला की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांचा, म्हणजे त्यांना मुभा असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यांचा, आकार बदलतो.

हे थर तयार तरी कसे करतात?

मूळ रीत चिकटपट्टीची. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टान्टिन नोव्होसेलोव यांनी २००४ मध्ये मँचेस्टरला ग्रॅफाइटवर पट्टी चिकटवून, सोलून, पुन्हा सोलून एक अणू जाडीचे ग्राफीन वेगळे केले. २०१० चे नोबेल त्यासाठीच. आजही अनेक प्रयोगशाळांत पहिली पायरी तीच आहे.

सोललेले तुकडे सिलिकॉनच्या चकतीवर दाबतात. त्या चकतीवर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर मुद्दाम दिलेला असतो, कारण त्या जाडीला प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे एकेरी थरसुद्धा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पार्श्वभूमीपेक्षा किंचित गडद दिसतो. जांभळट चकतीवर इकडेतिकडे पिवळे-निळे जाड तुकडे विखुरलेले असतात, आणि त्यांच्या कडेला कुठेतरी काही मायक्रोमीटरचा एक पुसटसा डाग. तोच हवा असतो. मग पारदर्शक पॉलिमरच्या ठशाने बोरॉन नायट्राइडचा पातळ तुकडा उचलतात, त्याच्या तळाला हवा तो थर चिकटवून घेतात, कोन अंशाच्या दहाव्या भागापर्यंत जुळवतात आणि पुढच्या थरावर हळूहळू टेकवतात. दोन थरांत बुडबुडा अडकला तर ती जागा वाया गेली. नायोबियम डायसेलेनाइडसारखे थर हवेत खराब होतात, म्हणून हे सगळे अक्रिय वायूने भरलेल्या काचपेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून करावे लागते. बोरॉन नायट्राइडचे आवरण थराला हवेपासून वाचवते आणि खालच्या चकतीतल्या विखुरलेल्या प्रभारांपासूनही दूर ठेवते.

दुसरी रीत म्हणजे निर्वात पोकळीत अणूंचा झोत सोडून थर जागच्या जागी वाढवायचा. सूक्ष्म टोकाने पृष्ठभाग तपासायचा असेल तेव्हा ही रीत बरी, कारण पृष्ठभागाला हवा लागतच नाही.

इतक्या पातळ थरात अतिसंवाहकता टिकते का?

टिकते, पण जरा वेगळ्या रूपात. द्विमितीय थरात भोवरे आणि प्रतिभोवरे यांच्या जोड्या असतात. ठरावीक तापमानाला त्या सुटतात आणि रोध परत येतो. बेरेझिन्स्की, कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे संक्रमण उलगडले. थाउलेस आणि कोस्टरलिट्झ यांना हॉल्डेन यांच्यासह २०१६ चे नोबेल मिळाले. बेरेझिन्स्की १९८० मध्येच वारले होते.

नायोबियम डायसेलेनाइडचा जाड स्फटिक ७.२ केल्विनला अतिसंवाहक होतो, एकेरी थर सुमारे ३ केल्विनला. तापमान घटले, पण एक बाब कमालीची सुधारली. या थरात स्पिन-कक्षा युग्मन स्पिनांना थराला लंब दिशेत जखडून ठेवते, त्यामुळे थराला समांतर लावलेल्या चुंबकीय क्षेत्राला ते दाद देत नाहीत. ३ केल्विनच्या साध्या अतिसंवाहकातल्या जोड्या सुमारे साडेपाच टेस्लाला मोडायला हव्यात. हा थर त्याच्या कितीतरी पट क्षेत्र सहन करतो. याला आयसिंग अतिसंवाहकता म्हणतात. ती स्वतः टोपोलॉजिकल नाही. पण चुंबकाशेजारी तग धरणारा अतिसंवाहक हवा असेल तर याहून चांगला जिन्नस मिळणे कठीण.

आजवर कोणत्या पातळ पदार्थांत अशा खुणा दिसल्या आहेत?

आधी क्रोमियम ट्रायब्रोमाइडचा प्रयोग. हा एकेरी थरातही चुंबक राहणारा पदार्थ. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात पीटर लिल्येरोथ यांच्या गटाने त्याची छोटी छोटी बेटे नायोबियम डायसेलेनाइडवर वाढवली आणि स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाचे टोक त्यांच्यावरून फिरवले. बेटाच्या मध्यभागी गॅप दिसला. टोक कडेशी आले की शून्य व्होल्टेजला वहन वाढले. बेटाबाहेर पुन्हा गॅप. द्विमितीय टोपोलॉजिकल अतिसंवाहकाच्या कडेने मायोराना अवस्था वाहते असे सिद्धान्त सांगतो, आणि चित्र त्याच्याशी जुळणारे होते. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे इतर संशोधकांनी अशाच रचनेत कडेवर साध्या चुंबकी अवस्थाही असू शकतात असा अर्थ लावला, म्हणून हा प्रश्न मिटला असे मी म्हणणार नाही. पण रचनेची कल्पना सुंदर आहे आणि अनेक गट ती पुढे नेत आहेत.

टंगस्टन डायटेल्युराइडचा एकेरी थर तर मला या यादीतला सर्वांत देखणा पदार्थ वाटतो. तो आत रोधक असतो आणि कडेने वीज वाहून नेतो. हे सुमारे १०० केल्विनपर्यंत दिसले आहे. २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की गेटने प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे काही लाख कोटी इलेक्ट्रॉन भरले की तोच थर १ केल्विनच्या आसपास किंवा त्याखाली अतिसंवाहक होतो. टोपोलॉजिकल कड आणि अतिसंवाहकता, दोन्ही एकाच पत्र्यात, मधे फक्त एका व्होल्टेजचे अंतर. थराच्या एका भागाला एक गेट आणि शेजारच्या भागाला दुसरे दिले तर एकाच स्फटिकात दोन्हींची सीमा आखता येईल, आणि त्या सीमेवर चुंबकत्वाची साथ मिळाली तर मायोराना अवस्था बसवता येतील, अशी आशा आहे.

लोह, टेल्युरियम आणि सेलेनियम यांचे संयुग जाड स्फटिक असले तरी त्याचा उल्लेख टाळता येत नाही. त्याचा पृष्ठभाग स्वतःच फू-केन कृतीसारखा वागतो, अतिसंवाहक तापमान १४.५ केल्विन आहे, आणि २०१८ पासून त्यातल्या भोवऱ्यांच्या गाभ्यात शून्य ऊर्जेची शिखरे दिसली आहेत. सगळ्या भोवऱ्यांत ती दिसत नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे.

आणि सर्वांत ताजे म्हणजे जिन्यासारख्या रचलेले ग्राफीन, ज्यात प्रत्येक थर खालच्या थरापासून त्याच दिशेने थोडा सरकलेला असतो. एमआयटीतल्या लॉंग जू यांच्या गटाने २०२५ मध्ये अशा चार आणि पाच थरांत ३०० मिलिकेल्विनपर्यंत अतिसंवाहकता नोंदवली. नवल असे की त्या अतिसंवाहक अवस्थेतच चुंबकी स्मृती दिसली: क्षेत्र पुढे-मागे फिरवले की रोध दोन वेगळ्या वाटांनी जातो, चुंबकात जातो तसा. ज्या इलेक्ट्रॉनांपासून ही अवस्था तयार होते ते आधीच एका स्पिनचे आणि ऊर्जापट्टीतल्या एकाच दरीचे (संवेगाच्या एकाच ठिकाणचे), म्हणजे एकाच जातीचे आहेत असे पुरावे सांगतात. वर जी कोंडी तीन जिन्नस मिसळून घडवावी लागत होती, ती इथे निव्वळ कार्बनने स्वतःहून घडवली आहे. हा खरोखर पी-वेव्ह प्रकार निघाला तर या क्षेत्राचे चित्र पालटेल.

जादुई कोनाचे ग्राफीन टोपोलॉजिकल अतिसंवाहक आहे का?

ते सिद्ध झालेले नाही. २०१८ मध्ये पाब्लो हारीयो-एरेरो यांच्या गटाला सुमारे १.१ अंश पिळलेल्या दोन थरांत १.७ केल्विनला अतिसंवाहकता मिळाली. त्याच्या ऊर्जापट्ट्या टोपोलॉजिकल आहेत हे खरे, पण पट्ट्या टोपोलॉजिकल असणे आणि जोड्या टोपोलॉजिकल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांमध्ये यांची नेहमी गल्लत होते.

शून्य व्होल्टेजला शिखर दिसले म्हणजे मायोराना सापडला ना?

नाही, आणि या एका गैरसमजाने या क्षेत्राचे बरेच नुकसान केले आहे.

मायोराना अवस्था असेल तर तिच्यातून होणारे वहन शून्य व्होल्टेजला शिखर दाखवते, आणि तापमान पुरेसे कमी असेल तर शिखराची उंची इलेक्ट्रॉनाच्या प्रभाराचा वर्ग आणि प्लांकचा स्थिरांक यांच्या गुणोत्तराच्या दुप्पट येते. २०१२ मध्ये डेल्फ्टच्या गटाला इंडियम अँटिमोनाइडच्या नॅनोतारेत असे शिखर दिसले आणि जगभर लाट आली. पण अशुद्धीपाशी किंवा तारेच्या टोकाशी व्होल्टेज हळूहळू बदलत असेल तर साध्या आंद्रेयेव अवस्थाही (इलेक्ट्रॉन-होल सरमिसळीच्या, पण टोपोलॉजिकल नसलेल्या) शून्याजवळ येऊन बसतात आणि अगदी तसेच शिखर देतात. २०१८ मध्ये ठरावीक उंची मिळाल्याचा दावा नेचरमध्ये आला. विदा पुन्हा तपासल्यावर तो टिकला नाही आणि २०२१ मध्ये लेख मागे घेतला गेला. सायन्समध्ये २०१७ साली आलेला, कडेने वाहणाऱ्या मायोरानाचा अर्धपट वहनाचा दावाही २०२२ मध्ये मागे घेतला गेला. त्याआधी २०२० मध्ये वेगळ्या गटाने दाखवले होते की तसे अर्धपट वहन अगदी साध्या कारणानेही मिळते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने मायोराना १ ही चिप जाहीर केली. सोबतच्या नेचरमधल्या लेखाबद्दल संपादकांनी स्वतःच नोंदवले की त्यातले निकाल हा मायोराना अवस्थांच्या अस्तित्वाचा पुरावा नाही. घोषणा आणि लेख यांतले हे अंतर वाचकाने लक्षात ठेवावे.

मग कशाला पुरावा म्हणायचे?

एका खुणेवर थांबू नये. माझी अपेक्षा अशी. कडेवर शून्य ऊर्जेची अवस्था दिसते त्याच वेळी आतला गॅप मिटून पुन्हा उघडल्याचे दिसले पाहिजे, कारण वेढ्यांची संख्या त्याशिवाय बदलूच शकत नाही. टोकाच्या जोडीत एका टोकाचे वागणे दुसऱ्याशी सुसंगत असले पाहिजे. गेट किंवा क्षेत्र बऱ्यापैकी बदलले तरी अवस्था शून्यावरच राहिली पाहिजे. एका नेमक्या व्होल्टेजला शून्यावर येणे आणि लगेच निसटणे ही साध्या अवस्थेची लक्षणे. आणि मोजलेला सगळा विदा, निवडक आलेखांपलीकडचा, खुला असला पाहिजे.

उष्णतेचे मोजमाप हा मला वाटते सर्वांत निःपक्षपाती साक्षीदार. मायोराना अवस्थेला विद्युतप्रभार नसतो, पण ती उष्णता वाहते, आणि कडेवरची एक मायोराना वाट उष्णतावहनाच्या क्वांटम एककाच्या बरोबर अर्धी उष्णता नेते. काही मायक्रोमीटरच्या तुकड्यावर, मिलिकेल्विन तापमानाला हे मोजणे अतोनात अवघड आहे. शेवटची परीक्षा म्हणजे दोन मायोराना अवस्थांची अदलाबदल करून प्रणालीची अवस्था बदललेली दाखवणे. ती अजून कोणत्याही अतिसंवाहकात सर्वमान्य रीतीने पार पडलेली नाही.

यातून क्वांटम संगणक कसा होणार?

मायोराना अवस्थांच्या प्रत्येक जोडीमागे प्रणालीला समान ऊर्जेच्या दोन अवस्था मिळतात. चार मायोराना मिळून एक क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा मूळ माहितीघटक, होतो. दोन मायोरानांची जागा बदलली की क्यूबिटवर एक क्रिया घडते, आणि ती कोणत्या मार्गाने नेली, हात जरा हलला का, याने फरक पडत नाही. कोण कोणाभोवती फिरले एवढेच मोजले जाते. आजच्या इतर क्यूबिटांत हजारो भाग खर्चून जी त्रुटीदुरुस्ती करावी लागते, तिचा बराचसा भार इथे पदार्थच उचलेल अशी कल्पना.

दोन मर्यादा सांगायलाच हव्यात. या अदलाबदलींतून गणनेला लागणाऱ्या सगळ्या क्रिया मिळत नाहीत. निदान एक क्रिया संरक्षणाविना करावी लागते आणि तिची त्रुटी वेगळी दुरुस्त करावी लागते. दुसरे, बाहेरून एखादा सुटा इलेक्ट्रॉन आत शिरला तर इलेक्ट्रॉनांची संख्या सम की विषम, हा सगळा हिशेबच उलटतो. त्याला टोपोलॉजी अडवत नाही, थंडी आणि स्वच्छता अडवते.

खोलीच्या तापमानाला हे शक्य आहे का?

सध्याच्या पदार्थांत मुळीच नाही. खोलीत औष्णिक ऊर्जा सुमारे २५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. नायोबियम डायसेलेनाइडचा गॅप १ च्या आसपास, आणि टोपोलॉजिकल गॅप त्याहूनही लहान. म्हणून प्रयोग बहुधा डायल्यूशन रेफ्रिजरेटरमध्ये, केल्विनच्या शंभराव्या-दहाव्या भागात चालतात.

प्रयोगशाळा नाही, पण हे स्वतः अनुभवायचे आहे. सुरुवात कुठून करू?

किताएव साखळीपासून, आपल्याच संगणकावर. ५० जागांची साखळी घ्या. प्रत्येक जागेसाठी इलेक्ट्रॉन आणि होल धरून १०० बाय १०० चा मॅट्रिक्स होतो. त्यात तीनच संख्या आहेत: शेजारच्या जागेवर उडी मारण्याची ऊर्जा, शेजाऱ्याशी जोडी जमवण्याची ऊर्जा आणि रासायनिक पातळी. पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळी पुरतात. उडी आणि जोडी दोन्ही १ ठेवा, पातळी ० वरून ३ पर्यंत हळूहळू वाढवा आणि प्रत्येक वेळी आयगेनमूल्ये, म्हणजे साखळीच्या शक्य ऊर्जा, काढून आलेखावर टाका.

पातळी २ च्या खाली असेपर्यंत दोन मूल्ये शून्याला चिकटून बसलेली दिसतील, बाकीची सगळी दूर. २ च्या जवळ येताच गॅप मिटेल, आणि पलीकडे गॅप पुन्हा उघडेल तेव्हा ती दोन मूल्ये गेलेली असतील. मग पातळी १ वर ठेवून शून्याच्या दोन अवस्थांचा विस्तार काढा. त्या साखळीच्या दोन टोकांना साचलेल्या दिसतील. आता प्रत्येक जागेच्या पातळीत थोडा यादृच्छिक गोंधळ मिसळा. बाकीची मूल्ये सगळी हलतील, ही दोन जागची हलणार नाहीत. गोंधळ वाढवत न्या आणि त्या कधी सुटतात ते पाहा. नंतर साखळी ५० ऐवजी ६ जागांची करून हेच पुन्हा करा; पातळी १ लाच दोन मूल्ये शून्यापासून जराशी फाकलेली दिसतील, कारण दोन टोके आता एकमेकांना जाणवू लागली आहेत.